नाकाने केलेली पसंती

मी माझ्या बायकोला नाकाने पसंत केलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण चारचौघांत सांगण्यासारखी ही गोष्टच नाही. लोक डोळ्यांनी पसंत करतात, पत्रिकेने करतात, पगार बघून करतात. मी २००२च्या जानेवारीत जर्मनीतून तीन आठवड्यांची रजा काढून मुली बघायला आलो होतो आणि दहाजणींना ‘कळवतो’ म्हणून सांगून झालं होतं. त्या दहाजणींत नाव ठेवायला जागा नव्हती. आई शेवटी वैतागून म्हणाली, “तुला हवंय तरी काय नक्की?” मला ते माहीत असतं तर मी अकरावी मुलगी बघायला नगरला कशाला गेलो असतो?

तिच्या घरी मोठ्यांचं बोलून झालं आणि “तुम्ही दोघं जरा गच्चीवर जाऊन बोला” अशी परवानगी मिळाली. जिना अरुंद होता. ती पुढे, मी मागे. ती कॉलेजातून परस्पर आली होती, तोंड धुऊन साडी नेसायला जेमतेम वेळ मिळाला असावा, पावडर-अत्तराला तर नाहीच. सातव्या की आठव्या पायरीवर मला तो वास आला. उन्हात वाळवून नुकत्याच आत आणलेल्या गोधडीला असतो तसा, आणि त्याच्या आत आणखी एक, त्याला माझ्याकडे शब्द नाही. गच्चीवर पोचेपर्यंत माझं ठरलेलं होतं.

गच्चीवर मी वीस मिनिटं बोललो. जर्मनीतलं माझं गाव एर्लांगेन कसं आहे, तिथे सगळे सायकलवर कसे फिरतात, मी काय काम करतो. ती मध्ये एकदा म्हणाली, “तिथे थंडी फार असते का हो?” त्यावर मी आणखी पाच मिनिटं बोललो. मग मोठेपणाने विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?”

“नाही,” ती म्हणाली. “बाबा सांगतील.”

मला ते उत्तर फार गोड वाटलं. उतरताना मी मुद्दाम मागे राहिलो. परतीच्या वाटेवर आईने विचारलं, “हिच्यात काय आवडलं रे तुला?” मी म्हणालो, “तिचं बोलणं.” ती पोरगी दोन वाक्यं बोलली होती.

मे महिन्यात लग्न झालं आणि जूनमध्ये ती एर्लांगेनला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक कपडे धुण्याचं यंत्र, आणि घरमालकिणीने दारामागे चिकटवलेली नियमांची लांबलचक यादी. त्या यादीत लिहिलं होतं की दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. मी तो नियम आधीच्या चार वर्षांत चारदासुद्धा पाळला नव्हता. हिने पहिल्या आठवड्यापासून पाळला. डोळे उघडले की चहाच्या आधी खिडकी. बाहेर उणे आठ असो नाहीतर बर्फ पडत असो. मी पांघरुणातून ओरडायचो, “अगं बंद कर, गारठलो!” ती खिडकीशी उभी राहून दीर्घ श्वास घ्यायची आणि म्हणायची, “बुरशी धरते ना.” मी फोनवर सगळ्यांना कौतुकाने सांगायचो की मी नगरहून एक जर्मन बायको करून आणली आहे.

तिच्या आणखीही काही तऱ्हा होत्या. माझे शर्ट ती रात्रभर घरात राहू द्यायची नाही, ऑफिसातून आलो की अंगातला शर्ट थेट केलरमध्ये. झोपायला खिडकीकडची बाजू आणि तोंडही खिडकीकडेच. तिला सकाळचा उजेड आवडत असेल असं मी धरून चाललो होतो. माझ्या वाढदिवसाला दरवर्षी न चुकता आफ्टरशेव्हची बाटली. मी ते लावणारा माणूस नव्हे, त्यामुळे न्हाणीघरातल्या फळीवर त्या बाटल्यांची रांग झाली होती. आणि मी कशालाही हात लावायला गेलो, कप विसळायला, बाजाराची पिशवी घ्यायला, तिचं एकच ठरलेलं वाक्य होतं, “राहू द्या.” माझ्या मित्रांच्या बायका त्यांना भांडी घासायला लावत. मी स्वतःला नशीबवान समजत होतो.

आणि मी सुखात होतो, हेही लिहायला पाहिजे. ऑफिसातून येऊन दार उघडलं की फोडणीच्या, साबणाच्या, ओल्या कोटांच्या वासांतून तिचा वास वेगळा ओळखू यायचा. ती पुस्तक वाचत बसली असली की मी मागून जाऊन तिच्या मानेशी नाक न्यायचो. ती खांदे आखडून घ्यायची. लाजते, असं मला वाटायचं, आणि मला ते लाजणंही आवडायचं.

ऑफिसात माझ्यासमोर एक जर्मन सहकारी बसायचा. शरीराच्या आतली चित्रं काढणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं लिहायचो, पण तो मूळचा जीवशास्त्राचा. एकदा जेवताना विषय निघाला आणि माणसाला माणूस का आवडतो ते त्याने मला समजावून सांगितलं. रोगाशी लढण्यासाठी आपल्या पेशींवर काही खुणा असतात, त्या प्रत्येकाच्या निराळ्या. त्यांचा अंगाच्या वासाशी संबंध असावा आणि ज्याच्या खुणा आपल्यापेक्षा वेगळ्या त्याचा वास आपल्याला आवडत असावा, असा शास्त्रज्ञांचा एक अंदाज आहे. “पुरुषांनी अंगात घालून झोपलेले शर्ट बायकांना हुंगायला देतात,” तो म्हणाला, “आणि विचारतात, कुठला आवडला? म्हणजे बघ, नक्की काय ते अजून कुणालाच ठाऊक नाही. पण काहीतरी आहे.”

मी हरखून गेलो. त्या जिन्यातल्या सातव्या पायरीला विज्ञानाचा आधार मिळाला होता. त्या प्रयोगात शर्ट पुरुषांचे असतात आणि हुंगायला बायका असतात, ही बाब माझ्या ध्यानातच आली नाही.

संध्याकाळी घरी जाऊन मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्याशी कणीक मळत होती. “म्हणजे आपलं लग्न आपल्या पेशींनीच जमवलं,” मी म्हणालो, “उगाच पत्रिका जुळवत बसले सगळे.”

“हो का?” ती म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, “आणि ज्यांचं जुळत नाही त्यांचं काय होतं?”

“त्यांना लगेच कळतं. शरीरच सांगतं.”

“मग?”

“मग काय, ते लग्न करत नाहीत.”

ती एवढंसं हसली आणि तिने परातीत पाण्याचा हात फिरवला. मला वाटलं, तिला माझं बोलणं पटलं.

२००६च्या जानेवारीत मी सायकलवरून पडलो. सकाळी ऑफिसला जाताना नदीकाठच्या रस्त्यावर रात्रीच्या पावसाचा पातळ बर्फ झाला होता, दिसत नाही तसला. पुलाच्या उतारावर चाक सरकलं आणि मी डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटलो. हेल्मेट घातलं नव्हतं, कारण मला हेल्मेट घालणाऱ्या माणसांचा राग यायचा. तीन दिवस इस्पितळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून वरण-भात आणला. मी दोन घास खाल्ले आणि म्हणालो, “फोडणी घातली नाहीस का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “घातलीय की. हिंग तर जरा जास्तच पडलाय.”

पुढच्या महिन्यात नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी स्केचपेनसारख्या दिसणाऱ्या कांड्या एकेक करून माझ्या नाकाखाली धरल्या. प्रत्येक कांडीला चार पर्याय. संत्रं, दालचिनी, मासा की चामडं? मी शाळेत ठोकून द्यायचो तशी उत्तरं ठोकून दिली. बाईंनी समजावलं की नाकाच्या वर चाळणीसारखं एक पातळ हाड असतं, वासाचे तंतू त्याच्या भोकांतून मेंदूत जातात. डोकं आपटलं की मेंदू आत सरकतो आणि ते तंतू तुटतात. “दोन वर्षं थांबू या,” त्या म्हणाल्या. “काहींचे परत जुळतात. दोन वर्षांत वास आला नाही, तर मग बहुतेक येत नाही.”

बायकोने तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, “म्हणजे यांना काहीच वास येत नाही? कशाचाच नाही?”

“कशाचाच नाही,” बाई म्हणाल्या.

पहिले दोन-तीन महिने मी जेवणासाठी रडलो. आंबट, खारट, गोड, कडू एवढंच जिभेला कळायचं, बाकी सगळं ओल्या कागदासारखं. ही बिचारी नाना खटपटी करायची. ठेचा, लोणची, कोकम, जे जिभेला बोचेल ते. या दुःखाच्या आड दुसरं एक मोठं दुःख उभं आहे, हे मला बरंच उशिरा दिसलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती माझ्याशेजारी झोपली होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. तेच नाक, तीच भुवई, मानेवरचा तोच तीळ. आणि मला काहीही होत नव्हतं. आगगाडीत समोरच्या बाकावर एखादी सभ्य बाई झोपलेली असावी, आपण तिच्या झोपेला धक्का लागू नये म्हणून पाय सांभाळावेत, तेवढंच. मी घाबरलो. तिच्या मानेशी नाक नेलं. काच हुंगावी तसं. झोपेतही तिने खांदे आखडले, आणि पहिल्यांदाच मला ते लाजणं वाटलं नाही. पण पुढचा विचार करण्याची माझी तयारी नव्हती.

त्यानंतरची दोन वर्षं मी चोरासारखी काढली. ती घरात नसताना कपाट उघडून तिच्या ओढण्या तोंडावर धरायचो. लग्नाचे फोटो बघायचो. जुन्या आठवणी उगाळायचो. त्या जिन्याच्या पायऱ्या मोजायचो, पण वासाची आठवण काढायला गेलं की फक्त शब्द हाताला लागायचे, गोधडी, ऊन. मी तिच्याशी पूर्वीपेक्षा जास्त गोड वागायला लागलो. तिला फुलं आणायचो, जवळ घ्यायचो, आणि जवळ घेतल्यावर मनात आकडे मोजायचो. प्रेम आटतं म्हणजे काय होतं, याची मी कल्पना केली होती ती भांडणांची, कंटाळ्याची, तिसऱ्या कुणाची. इथे भांडण नव्हतं आणि तिसरं कुणी नव्हतं. नखाएवढ्या जागेतले काही तंतू तुटले होते आणि त्यांच्याबरोबर माझी बायको गेली होती, आणि ती तर रोज माझ्यासमोर पोळ्या लाटत होती. मला स्वतःची किळस यायची. इतकं मोठं म्हणवलं जाणारं प्रेम माझ्यात एवढ्याशा जागेवर टांगलेलं होतं, याची शरम कुणाला सांगणार? समोर बसणाऱ्या जर्मन सहकाऱ्यालाही मी सांगितलं नाही.

तिला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. ती माझ्या नाकासाठी कंबर कसून उभी राहिली होती. जॅमच्या चार छोट्या बाटल्या तिने स्वच्छ धुऊन ठेवल्या, एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी आणि एकीत हिंग. सकाळ-संध्याकाळ मी डोळे मिटून खुर्चीवर बसायचं आणि तिने एकेक बाटली नाकाशी धरायची. “घ्या वास. आठवून बघा. लवंग कशी असते?” औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरवर ती रोज दोन बारीक खुणा करायची. दोन वर्षांत तिने एक दिवस चुकवला नाही. मला तिची ती चिकाटी सहन व्हायची नाही. वाटायचं, हिला कळलं की मी काय गमावलंय, तर ही मोडून पडेल.

२००८च्या जानेवारीत दोन वर्षं पुरी झाली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कांड्या काढल्या, पुन्हा मी ठोकून उत्तरं दिली. या वेळी त्यांनी पुढची तारीख दिली नाही, हात हातात घेऊन फक्त “वाईट वाटतं” म्हणाल्या.

त्यानंतरचा रविवार. मला सर्दी झाली होती, म्हणून त्या सकाळी तिने खिडकी उघडली नव्हती. बाहेर उणे चार होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने त्या चारही बाटल्या रिकाम्या केल्या, धुतल्या आणि टेबलाशी बसून पुसायला घेतल्या. पुसता पुसता म्हणाली, “आता मुलाचं बघू या का आपण? आई फोनवर विचारत असतात. आणि मलाही वाटतं.”

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. मूल एका नाटकातून जन्माला घालणं मला जमणार नव्हतं.

“एक सांगायचंय,” मी म्हणालो.

“सांगा ना.”

मी सगळं सांगितलं. जिना, सातवी पायरी, गोधडी, माझी पसंती. पडल्यावर काय झालं ते. “तू जवळ आलीस तरी मला काही होत नाही. दोन वर्षं झाली. तू चांगली आहेस, माझं सगळं करतेस, पण आत काही हलतच नाही. मी नाटक करतोय. वाटलं होतं, परत येईल.” बोलताना मी रडत होतो. ती आता रडेल, उठून जाईल, दुसरी कुणी आहे का असं विचारेल, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती.

तिने एक बाटली पुसून ठेवली आणि दुसरी घेतली. “एवढंच ना?” ती म्हणाली.

“एवढंच म्हणजे?”

“मला तर पहिल्यापासून तसंच आहे.”

मला समजलं नाही. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण ती लहान मुलाला सांगावं तशा आवाजात पुढे म्हणाली, “तुमचा वास हो. मला नाही आवडत. तुम्ही स्वच्छ राहता, तसं नाही म्हणत मी. अंगाचा असतो ना आपापला, तो. त्या दिवशी जिन्यात तुम्ही मागून येत होतात, तेव्हाच मला कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला?” तिने खरंच विचारलं. “बाबांना काय सांगणार होते? मुलगा जर्मनीत आहे, निर्व्यसनी आहे, घरचे चांगले आहेत, पण मला त्याचा वास नाही आवडला?”

“मी विचारलं होतं तुला. काही विचारायचंय का म्हणून.”

“काही विचारायचंय का, असं विचारलंत. आवडलो का, असं कुठे विचारलंत?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मला फळीवरच्या बाटल्या आठवल्या, केलरमध्ये जाणारे शर्ट आठवले, तिचे आखडलेले खांदे आठवले. “म्हणजे या खिडक्या…” मी म्हणालो.

“हो.”

“आणि आफ्टरशेव्ह?”

“ते तुम्ही लावलंतच नाही कधी,” ती म्हणाली आणि थोडी हसली. मग बाटलीत बोट घालून फडका फिरवत म्हणाली, “बाळाच्या टाळूला वास असतो म्हणतात. सगळ्यांनाच आवडतो तो. म्हणून मला हवंय मूल. मला आवडणारा एक वास असेल घरात.”

जवळजवळ चार वर्षं मी ज्या बाईबरोबर सुखात होतो, ती त्या सुखात माझ्याबरोबर नव्हतीच. माझ्या आकर्षणाला मी पेशींची जोड शोधून दिली, नियतीची दिली, आणि ते सगळं एकाच बाजूचं होतं. माझं जे गेलं म्हणून मी दोन वर्षं आक्रोश करत होतो, ते तिला मिळालंच नव्हतं, आणि ते न मिळता तिने माझ्यासाठी दोन वर्षं बाटल्या धरल्या होत्या. तिची दया यावी की भीती वाटावी, मला कळेना.

“तू कसे दिवस काढलेस गं?” मी शेवटी विचारलं.

एखाद्या पदार्थाची कृती विचारावी तसा तिने जरा विचार केला. “पहिली दोन वर्षं जड जातात,” ती म्हणाली. “मग सवय होते. तुमची दोन तर झालीच की.”

तिने चौथी बाटली पुसून बाकीच्यांशेजारी ठेवली. खोली सकाळपासून बंद होती. मी उठलो आणि खिडकी सताड उघडली. थंडी आत आली, कॅलेंडरचं पान फडफडलं. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. “राहू द्या,” असं ती म्हणाली नाही.